आइसलँड: तालुक्याएवढा देश आणि नऊ वेळा 'जगातला सर्वात बलवान माणूस'

मुद्गल (धागाकर्ता)

'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' ही स्पर्धा १९७७ साली कॅलिफोर्नियात, युनिव्हर्सल स्टुडिओत सुरू झाली. ती टीव्हीसाठीच जन्माला घातली होती. फुटबॉलपटू, पॉवरलिफ्टर, गोळाफेकवाले असे सगळे एकत्र आणायचे, त्यांच्याकडून फ्रीज पाठीवर घेऊन पळण्यासारखे प्रकार करून घ्यायचे आणि ते दाखवायचं. पहिली सहा वर्षं किताब अमेरिकेबाहेर गेला नाही. ब्रूस विल्हेल्म दोनदा, डॉन राइनहाउट एकदा, बिल कॅझमायर सलग तीनदा. १९८३ ला इंग्लंडच्या जेफ केप्सने तो नेला.

त्यानंतर जे झालं त्याच्यासाठी हा धागा. १९८४ ते १९९६ या काळात ही स्पर्धा बारा वेळा झाली (१९८७ ला झालीच नाही) आणि त्यातल्या आठ वेळा आइसलँडचा माणूस जिंकला. योन पाल सिग्मार्सोन १९८४, ८६, ८८ आणि ९० ला. माग्नूस वेर माग्नूसोन १९९१, ९४, ९५ आणि ९६ ला. तेव्हा या देशाची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. पुढे २०१८ ला मनिलात हाफथोर ब्योर्नसोनने नववा किताब आणला.

असं का झालं, याचं उत्तर कुठेही शोधा, पहिलं वाक्य 'व्हायकिंगांचं रक्त' हेच मिळतं. मला ते पटत नाही. व्हायकिंगांचं रक्त नॉर्वेत आणि डेन्मार्कमध्येही आहे, पण डेन्मार्कला हा किताब एकदाही गेलेला नाही आणि नॉर्वेला एकदाच (२००१, स्वेन्ड कार्लसेन). स्वीडनचा मॅग्नस सॅम्युएल्सन १९९८ ला जिंकला, फिनलंडच्या योउको अहोला आणि यान्ने वीर्तानेन यांनीही किताब नेले, पण आठपैकी आठ दोघांनीच, आणि दोघेही एकाच छोट्या शहरात सराव करणारे, हे कुठे दिसत नाही.

माझं मत सांगतो, मग तुम्ही झोडपा. योन पालच्या आधी तिथे पॉवरलिफ्टिंग घट्ट रुजलं होतं. स्कूली ओस्कार्सोन नावाच्या ७५ किलो गटातल्या माणसाने १९८० साली ३१५.५ किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं) मारून विश्वविक्रम केला. आइसलँडचे क्रीडा पत्रकार दरवर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू निवडतात. तो मान १९७८ आणि १९८० ला स्कूलीला मिळाला आणि १९८१ ला योन पालला. तेव्हा त्याने स्ट्राँगमनचं नावही काढलं नव्हतं. चार वर्षांत तीनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणजे वजन उचलणारा माणूस! आपल्याकडे पॉवरलिफ्टरचा फोटो स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर आला तरी पेढे वाटतात.

म्हणजे जमीन तयार होती, बी पडलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

चिंचोके

वाचतोय. हाफथोर म्हणजे गेम ऑफ थ्रोन्समधला माउंटन ना? मला तो नट वाटायचा. तो खरंच वजनं उचलतो हे आता कळतंय.

---

मुद्गल

@चिंचोके, तोच. उंची २०६ सेंटिमीटर. आधी बास्केटबॉल खेळायचा, घोट्याच्या दुखापतींनी ते सुटलं. मग २००८ च्या सुमारास माग्नूस वेरच्या जिममध्ये जाऊ लागला आणि माग्नूसने त्याला हेरलं. मालिका त्यानंतरची.

---

आर्या_ओस्लो

मुद्गल, बी-जमीन ठीक आहे, पण तुम्ही दगड विसरलात. त्याशिवाय हा धागा अर्धा.

स्नायफेल्सनेस नावाचं द्वीपकल्प आहे, पश्चिमेला. तिथे द्युपालोनसान्दूर हा काळ्या गोट्यांचा समुद्रकिनारा. शेजारच्याच खाडीत, द्रितविकला, पूर्वी हंगामी मासेमारीचा मोठा तळ असायचा. वल्ह्यांच्या उघड्या होड्या, उत्तर अटलांटिक समुद्र. होडीवर कोणाला घ्यायचं हे ठरवायला किनाऱ्यावर चार दगड ठेवलेले. ते अजून तिथेच आहेत. फुल्स्तेर्कुर म्हणजे पूर्ण ताकदीचा, १५४ किलो. हाल्फस्तेर्कुर, अर्ध्या ताकदीचा, १०० किलो. हाल्फद्राएत्तिंगुर ५४ किलो. आणि आमलोदी, म्हणजे अगदीच लेचापेचा, २३ किलो. कमरेएवढ्या कट्ट्यावर दगड चढवून दाखवायचा. ५४ किलोचासुद्धा चढला नाही तर होडीत जागा नाही.

आम्ही मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. माझ्या नवऱ्याला वाटलं, ५४ किलो म्हणजे काय, जिममध्ये रोज उचलतो. दगड जागचा हलला, गुडघ्यापर्यंत आला आणि सटकला. समुद्राने घासून गुळगुळीत झालेला, पकडायला काहीच नाही. बारचं वजन आणि दगडाचं वजन यांचा आपसात काही संबंध नसतो, हे आमच्या घरी आता सर्वमान्य आहे. त्याच किनाऱ्यावर १९४८ साली फुटलेल्या एका ब्रिटिश मासेमारी जहाजाचे गंजके तुकडे अजून पसरलेले आहेत. ते बघितल्यावर ही परीक्षा इतकी कडक का होती ते कळतं.

---

पाटलांचा_धाकटा

+१. मी तालमीत वाढलो. आमच्या तालमीच्या दारातही एक दगडी गोटा होता. वस्ताद म्हणायचे, बार मनगटाला शिकवतो, दगड छातीला शिकवतो. दगडाला मिठी मारावी लागते. पाठीला गोलाई येते. जिममध्ये ज्याला चूक म्हणतात तेच इथे करावं लागतं. दोन्ही हातांचे तळवे आत दाबत राहायचे, श्वास अडवून धरायचा आणि दगड मांडीवर घ्यायचा. तिथे दम खायचा, पकड बदलायची आणि मग छातीवर.

आर्याताई, तिथे पुजाऱ्याचा एक दगड आहे असं ऐकलं होतं, तो हाच का?

---

मुद्गल

तो वेगळा, आणि तोच जास्त प्रसिद्ध. हुसाफेलचा दगड, १८६ किलो.

हुसाफेल हे राजधानी रेक्याविकपासून आत, लाव्हाच्या पठाराजवळचं ठिकाण. अठराव्या शतकात तिथे स्नोर्री ब्योर्नसोन नावाचा पाद्री होता (१७१० ते १८०३, म्हणजे नव्वदी ओलांडली!). कवी, ताकदवान, भुतं बांधणारा म्हणून त्याच्या पुष्कळ दंतकथा. त्याने मेंढ्या दोहायला दगडांचा वाडा रचला, आणि दाराशी हा त्रिकोणी चपटा दगड. आख्यायिका अशी की त्याची मुलगी गुदनी हा दगड दार म्हणून लावायची-काढायची. दगड गुडघ्यापर्यंत आला तर आमलोदी, कमरेपर्यंत आला तर अर्धा, आणि छातीशी धरून वाड्याभोवती फेरी मारली तर पूर्ण ताकदीचा. किनाऱ्यावर वापरतात तीच भाषा डोंगरातही.

जगभरच्या स्ट्राँगमन स्पर्धांत आता 'हुसाफेल' हा एक प्रकारच आहे. लोखंडाची किंवा सिमेंटची तशीच त्रिकोणी नक्कल छातीशी धरून चालायचं. जिंकणारा बहुतेकदा सर्वात ताकदवान नसतो. सर्वात जास्त वेळ श्वासाविना चालू शकतो तो जिंकतो, कारण दगड पोटावर आणि छातीवर असा दाबला जातो की फुप्फुसं फुगतच नाहीत.

---

साखरभात

दगडावरून आठवलं, जेजुरीला दसऱ्याला खंडा (तलवार) उचलतात तो ४२ किलोचा. एका हाताने तोलून धरतात, दाताने उचलतात.

---

खवचट_खापर

आला महाराष्ट्र. मी वाटच बघत होतो. @साखरभात, खंडा थोर आहे, पण धागा आइसलँडचा आहे. जेजुरीचा वेगळा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

आता मुद्द्यावर. आर्याताईंचे दगड खरे, स्नोर्रीचा दगड खरा. पण त्याचा १९८४ शी काय संबंध? होड्यांना इंजिनं बसली तेव्हाच दगडाची परीक्षा संपली. योन पाल शहरात वाढला, जिममध्ये बार उचलत मोठा झाला. दगड नंतर जाहिरातीसाठी आणले. तुम्ही सगळे पर्यटन खात्याचं काम फुकट करताय.

आणि २०१५ चा तो 'हजार वर्षांचा विक्रम'! नॉर्वेत एका स्पर्धेत हाफथोरने दहा मीटर लांबीचा, साडेसहाशे किलोच्या आसपासचा लाकडी ओंडका खांद्यावर घेऊन पाच पावलं टाकली. जगभर बातमी, एक हजार वर्षांचा विक्रम मोडला. विक्रम कोणाचा? तर ओर्मुर स्तोरोल्फसोनचा. जुन्या कथेत तो ओलाफ राजाच्या जहाजाची डोलकाठी घेऊन तीन पावलं चालला आणि त्याची पाठ पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. कथेत वजन दिलेलं नाही. दिलेलं असतं तरी ते कथेतलं वजन! मी उद्या भीमाचा विक्रम मोडतो.

---

आर्या_ओस्लो

@खवचट_खापर, अर्धं मान्य. ओंडक्याबद्दल पूर्ण मान्य, फक्त एवढं की ओंडका खरा होता आणि पावलंही खरी होती. तेवढं कोणी करून दाखवलं तर मी कथाही ऐकून घेईन.

पण दगड जाहिरातीसाठी आणले हे नाही पटत. इंजिनं आली तरी दगड लोकांच्या तोंडात राहिले. कोणत्या गावात कोणता दगड, तो कोणाच्या आजोबाने उचलला, हे सांगणारे लोक आहेत. ज्या समाजात ताकदीला मोजण्याचं जाहीर माप असतं तिथे ताकदवान माणसाला टवाळीने बघत नाहीत. स्कूलीला सर्वोत्तम खेळाडू निवडतात तेव्हा ते यातूनच येतं.

---

मुद्गल

मी खापरच्या थोडा जास्त जवळ आहे. व्हायकिंग हा योन पालने घातलेला पोशाख आहे. आणि त्याने तो जाणूनबुजून घातला, हे त्याचं मोठेपण.

त्याच्या आधीचे स्ट्राँगमन बघा. कॅझमायर गंभीर, केप्स पोलीसवाला, घरी बजरीगर पक्षी पाळणारा शांत माणूस. वजन उचलायचं, खाली ठेवायचं, टॉवेलने तोंड पुसायचं. योन पाल आला तो ओरडत. सोनेरी केस, शरीरसौष्ठवपटूचं शरीर (तीही राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली होती), उचलता उचलता प्रेक्षकांशी बोलणारा. १९८४ ला स्वीडनमध्ये मोरा गावी पंजा लढवताना त्याने केप्सला हरवलं आणि बोंब ठोकली की राजाचा मुकुट गेला! तेव्हा तो २४ वर्षांचा होता. कोणीतरी 'एस्किमो' म्हणून टोमणा मारला तर वजन हातात असताना ओरडून सांगितलं, मी एस्किमो नाही, व्हायकिंग आहे. कॅमेऱ्याला आणखी काय हवं?

१९८७ ला मुख्य स्पर्धा झाली नाही तेव्हा स्कॉटलंडमध्ये हंटली किल्ल्यावर तिघांना समोरासमोर उभं केलं: कॅझमायर, केप्स, योन पाल. तिघांचे मिळून तेव्हापर्यंत सात किताब. योन पाल जिंकला. माझ्या मते चार किताबांपेक्षा ही लढत मोठी, कारण कॅझमायरला १९८२ नंतर मुख्य स्पर्धेत बोलावलंच नव्हतं आणि 'तो असता तर' हे तुणतुणं चालू होतं.

आणि १९९०, फिनलंडमधलं योएनसू. शेवटच्या प्रकारापर्यंत अमेरिकेचा ओ. डी. विल्सन पुढे. शेवटचा प्रकार वजन घेऊन पळण्याचा. विल्सन अजस्र माणूस, दम कमी. योन पालने तिथे किताब ओढून घेतला. चार किताब मिळवणारा तो पहिला. शक्ती नाही, दम जिंकला, असं मी तरी म्हणेन.

---

चिंचोके

हे सगळं आइसलँडमध्ये लोक बघत होते का पण? तेव्हा टीव्ही घरोघरी होता?

---

मुद्गल

होता, आणि गंमत इथेच आहे. १९८६ पर्यंत देशात एकच वाहिनी, सरकारी. १९८७ पर्यंत दर गुरुवारी टीव्ही बंद! लोकांनी गुरुवारी एकमेकांकडे जावं म्हणून. १९८३ पर्यंत तर जुलैभर बंद. अशा देशात तुमचा माणूस परदेशात ट्रक ओढताना दिसला तर तो सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. दुसऱ्या दिवशी शाळेत, मासळीच्या कारखान्यात, पोहण्याच्या तलावावर तोच विषय. 'योन पालला काय अवघड' अशा अर्थाची म्हण तिथे रूढ झाली, अजून वापरतात.

१९८५ पासून 'आइसलँडचा सर्वात बलवान माणूस' ही देशी स्पर्धा सुरू झाली. तारखा बघा: मोरा १९८४, देशी स्पर्धा १९८५. म्हणून मी म्हणतो, दगड नाही, टीव्ही.

---

रानमोगरा

इतका वेळ नुसती वाचत होते. एक भर घालते. १९७६ पर्यंत आइसलँड आणि ब्रिटन यांच्यात मासेमारीच्या हद्दीवरून 'कॉड युद्धं' चालली होती. एका बाजूला ब्रिटिश नौदल, दुसऱ्या बाजूला तटरक्षक दलाच्या चार बोटी, जाळी कापणाऱ्या. आणि आइसलँडने शेवटी २०० सागरी मैलांची हद्द मिळवली. त्यानंतर आठ वर्षांनी ब्रिटिश पोलिसाला पंजात हरवून आपला पोरगा 'राजाचा मुकुट गेला' म्हणतो! मला वाटतं, त्या आरोळीत हेही थोडं होतं. पुरावा मागू नका, वास येतो एवढंच.

---

खवचट_खापर

रानमोगरा, वास बरोबर आहे. मुद्गलना न पटो.

---

नाडीपरीक्षा

उत्साहाला थोडं विरजण घालतो, क्षमस्व.

योन पाल १६ जानेवारी १९९३ ला गेला. वय ३२. रेक्याविकमधल्या स्वतःच्या जिममध्ये डेडलिफ्ट करताना महाधमनी फाटली. हा माणूस 'डेडलिफ्ट करता येत नसेल तर जगण्यात अर्थ नाही' असं म्हणायचा, हे लोक आठवणीने सांगतात, आणि मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

यात काय होतं ते सांगतो. अवजड वजन उचलताना आपण श्वास अडवून पोट घट्ट करतो. त्याशिवाय कणा सांभाळताच येत नाही. त्या काही सेकंदांत रक्तदाब भयानक चढतो. धमनीत सुई घालून मोजलेल्या प्रयोगांत, लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं) मारणाऱ्या तरुण निरोगी लोकांतसुद्धा वरचा आकडा ३०० च्या पुढे गेलेला आहे. वजन खाली ठेवलं की झटकन उतरतो. निरोगी धमनी हे सहन करते. भिंत मुळातच कमकुवत असेल तर एखाद्या दिवशी नाही करत. त्यात दीडशे किलो शरीराला रक्त पुरवणारं जाडसर झालेलं हृदय, आणि औषधं.

हो, औषधं. या खेळात ऑलिम्पिकसारखी काटेकोर तपासणी नाही. हाफथोरने स्टेरॉइड घेतल्याचं एका मुलाखतीत स्वतः मान्य केलं आहे. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण धाग्यावर सगळे व्हायकिंग रक्त की दगड की टीव्ही यावर भांडताय आणि हा विषय कोणी काढत नाही, म्हणून लिहिलं.

---

पाटलांचा_धाकटा

डॉक्टर, खरं बोललात. पण एक सांगा, औषधं तर सगळ्याच देशांत होती. मग आइसलँडच का, हा प्रश्न राहतोच ना? उंची तीच, औषध तेच, जिम तीच असती तर किताब पोलंडला नाही तर हंगेरीला जायला हवे होते.

---

नाडीपरीक्षा

मान्य. औषधाने 'का' सुटत नाही. मी 'कशाची किंमत' एवढंच म्हणतोय.

---

मुद्गल

@नाडीपरीक्षा, धन्यवाद, हे यायलाच हवं होतं.

@पाटलांचा_धाकटा, तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर तुमच्याच तालमीतलं आहे. वस्ताद आणि पठ्ठा.

माग्नूस वेर पूर्वेकडच्या एगिल्सस्तादिरचा, १९६३ चा जन्म, योन पालपेक्षा तीन वर्षांनी लहान. पॉवरलिफ्टिंग करायला रेक्याविकला. तिथे योन पाल, ह्यालती उर्सूस आर्नासोन असे लोक एकाच वर्तुळात. रोज ज्याच्या शेजारी वजन मारता तो जगज्जेता असेल तर 'हे आपल्याला जमणार नाही' असं वाटतच नाही. ते वाटणं हीच निम्मी हार असते. १९९१ ला तेनेरिफेत माग्नूस पहिल्यांदा जिंकला.

माणूस अगदी वेगळा. योन पाल आग, माग्नूस हिशेबी. एखादा प्रकार जिंकायचाच असा हट्ट नाही, सगळ्यांत दुसरा-तिसरा येऊन गुण गोळा करायचे. १९९२ ला ही स्पर्धा रेक्याविकमध्येच झाली आणि घरच्या मैदानावर माग्नूस दुसरा आला, नेदरलँड्सच्या टेड व्हान डर पारेच्या मागे. १९९३ ला पुन्हा दुसरा, वेल्सच्या गॅरी टेलरच्या मागे. त्याच वर्षी जानेवारीत योन पाल गेला होता. मग ९४ सन सिटी, ९५ बहामा, ९६ मॉरिशस, सलग तीन. कॅझमायरनंतर सलग तीन जिंकणारा तोच.

या माणसाबद्दल लोक कमी बोलतात याचं मला वाईट वाटतं. योन पालच्या आरोळ्यांचे तुकडे अजून फिरतात, माग्नूसच्या गुणपत्रिकेचा तुकडा कोण फिरवणार?

---

साखरभात

(खंड्याचा धागा काढतेय, खापर, पहिला प्रतिसाद राखून ठेवा.)

बायकांबद्दल कोणीच नाही लिहिलं. स्ट्राँगमन नाही, पण क्रॉसफिट गेम्स बघा. आन्नी थोरिसदोत्तिर २०११ आणि २०१२, कात्रिन दाविदसदोत्तिर २०१५ आणि २०१६. सहा वर्षांत चारदा आइसलँडची बाई 'जगातली सर्वात तंदुरुस्त'. तोच देश, तेवढीच लोकसंख्या. गुदनीचा दगड आठवा.

---

आर्या_ओस्लो

अगदी! आणि हे मुद्गलच्या बाजूने जातं खरं तर. आन्नी पहिली जिंकली, मग बाकीच्यांना दिसलं. तिथे गावोगावी सरकारी पोहण्याचे तलाव, बंदिस्त मैदानं आणि पगारी प्रशिक्षक आहेत. मुलं हिवाळ्यातले अंधारे महिने आतच खेळतात.

---

चिंचोके

मग १९९६ नंतर २०१८ पर्यंत काय झालं? बावीस वर्षं कोरडी? पठ्ठे कुठे गेले?

---

मुद्गल

खेळ बदलला. बक्षिसं वाढली, पोलंडचा मारियुश पुदझिआनोव्स्की आला (पाच किताब), मग अमेरिकेचा ब्रायन शॉ (चार). सराव हा पूर्ण वेळेचा धंदा झाला, शरीरं दोनशे किलोकडे सरकली. आइसलँडमध्ये माणसं होती. स्तेफान सोल्वी पेटुर्सोन चांगला होता. बेनेदिक्त माग्नूसोनने २०११ साली विशेष पोशाखाशिवाय ४६०.४ किलोची डेडलिफ्ट मारली. तेव्हा जगात त्याच्याएवढी कोणी मारली नव्हती. पण डेडलिफ्ट म्हणजे स्पर्धा नव्हे.

मग हाफथोर. २०१२ पासून दरवर्षी पहिल्या तिघांत, किताब मात्र नाही. तिसरा, तिसरा, दुसरा, तिसरा, दुसरा, दुसरा. २०१८ ला एकदाचा मनिलात पहिला. देशी किताब तर त्याने २०११ पासून सलग दहा वर्षं दुसऱ्याला दिलाच नाही, त्यामुळे तिथली बाकीची पोरं सावलीत वाढली असंही म्हणता येईल. एकच मोठं झाड असण्याचा तोटा.

---

खवचट_खापर

५०१ किलोची भानगड कोणी सांगा. घरच्या जिममध्ये उचललं म्हणे, आणि विक्रम.

---

मुद्गल

सांगतो. २०१६ च्या जुलैत इंग्लंडच्या एडी हॉलने लीड्समध्ये भर प्रेक्षकांत ५०० किलो उचलले. नाकातून रक्त आलं, थोडा वेळ दिसेनासं झालं. २०२० ला करोनामुळे स्पर्धा बंद पडल्यावर २ मे रोजी हाफथोरने कोपावोगुरमधल्या स्वतःच्या जिममध्ये ५०१ उचलले, थेट प्रक्षेपण करून. एडीचं म्हणणं, स्पर्धेत उचलशील तर मानीन. त्यावरून दोघांत इतकं वाजलं की २०२२ ला दुबईत बॉक्सिंगची लढत झाली. तीही हाफथोरने जिंकली. आचरटपणा, पण बघितली मी.

मला त्या ५०१ मधली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पंच म्हणून समोर माग्नूस वेर उभा होता. योन पालच्या शेजारी वजन मारलेला माणूस हाफथोरला 'खाली ठेव'ची खूण करतोय. माझा सगळा सिद्धांत त्या चौकटीत आहे, हवं तर हसा.

---

खवचट_खापर

हसत नाही. पण घरच्या जिममध्ये गुरूच पंच असेल तर एडीचं चुकलं कुठे?

---

पाटलांचा_धाकटा

खापर, बारवर वजन होतं की नव्हतं? वजन केलेल्या चकत्या, कॅमेरे, सगळं होतं. कुस्तीत पंच गावचा असला तर बोंब मारता येते, कारण गुण पंच देतो. ५०१ किलो पंच देत नाही.

आणि तो वाद आता संपलाच. २०२५ च्या जुलैत त्याने जर्मनीत ५०५ उचलले आणि सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमला, म्हणजे एडीच्याच देशात, भरल्या सभागृहात ५१०. वय ३६. बॉक्सिंगसाठी वजन उतरवलेलं, मधल्या काळात छातीचा स्नायू फाटून शस्त्रक्रिया झालेली, आणि तरीही.

---

खवचट_खापर

५१० मान्य. ५०१ वर माझं मत राखून ठेवतो.

---

नाडीपरीक्षा

५१० ला त्याचा रक्तदाब किती असेल याचा विचार करून माझा वाढला.

---

रानमोगरा

आर्या, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. प्रत्यक्ष स्पर्धा बघायला मिळते का? आणि हुसाफेलचा दगड हात लावू देतात का?

---

आर्या_ओस्लो

स्पर्धेसाठी उन्हाळ्यात वायव्येच्या वेस्टफ्योर्ड्सकडे जा. तिथे 'वेस्टफ्योर्ड्सचा व्हायकिंग' नावाची स्पर्धा असते, माग्नूस वेर तिच्यामागे आहे. एका मैदानात नसते, छोट्या छोट्या गावांतून फिरत जाते. गावातली पोरंटोरं, आज्या, कुत्री, सगळे कडेला उभे. तारखा निघण्याआधी तपासा, रस्ते वळणावळणाचे आहेत, अंतर नकाशात दिसतं त्याच्या दुप्पट वेळ धरा.

हुसाफेल रेक्याविकपासून साधारण १३० किलोमीटर. जवळच ह्रौनफोस्सार धबधबे आहेत, त्यामुळे तसंही जाणं होतंच. दगड जुन्या वाड्याच्या भिंतीशी उघड्यावर आहे, कुंपण नाही, तिकीट नाही. कोणीही हात लावावा. बोटं आणि पाय सांभाळा, बूट जाड घाला, आणि सोडताना तो वाड्याच्या भिंतीवर टाकू नका.

---

पाटलांचा_धाकटा

आणि ओला असेल तर उचलूच नका. पाऊस पडून गेल्यावर दगड हातात येत नाही, पायावर येतो.